स्मारक झालं, घराचं काय?

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल आपल्याकडे जे बोललं-लिहिलं जातं, त्यात बहुधा दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे हिटलर नावाचा माथेफिरू आणि दुसरी ऑशविट्झच्या मृत्युछावणीची धुराडी. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचं आत्मचरित्र आजही खपतं, हा आपला वेगळाच करंटेपणा. तो विषय इथे नको. पण ज्यांना या इतिहासाची मनापासून चीड आहे, त्यांच्याही डोळ्यांसमोर गणवेशातला राक्षसच असतो. करखात्यातला कारकून नसतो, लिलाव पुकारणारा नसतो, भाडं थकलं म्हणून अर्ज करणारा घरमालक नसतो.

साठ लाख माणसं मारली गेली. त्यांची घरं, दुकानं, विम्याच्या पॉलिसी, पियानो, गाद्या, चमचे हे सगळं कुणाच्या तरी घरी गेलं. हवेत विरलं नाही. युद्ध संपल्यावर जी थोडी माणसं जिवंत परत आली, त्यांनी ते परत मागितलं तेव्हा त्यांना काय उत्तर मिळालं, यावरून मी त्या त्या देशाची परीक्षा करतो. पश्चात्ताप खरा की दिखाऊ हे स्मारकांवरून कळत नाही. स्मारक सरकारी जागेवर, सरकारी पैशाने उभं राहतं. त्यासाठी कुणाला आपलं राहतं घर सोडावं लागत नाही. लुटीचा हिशेब चुकवताना मात्र कुणाच्या तरी खिशाला हात लागतो. या कसोटीला युरोपातले फार थोडे देश उतरतात. ज्याचं कौतुक करताना आपण थकत नाही, तो जर्मनीही पुरता उतरत नाही.

लूट कशी झाली हे आधी बघायला हवं, कारण ती रीतसर झाली. २६ एप्रिल १९३८ च्या वटहुकमाने ५,००० मार्कांच्या वर मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूला तिची नोंद करणं सक्तीचं झालं. काय लुटायचं याची यादी लुटले जाणारेच करून देत होते. त्याच वर्षी ९ आणि १० नोव्हेंबरला देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली. आणि १२ तारखेला हिटलरचा उजवा हात गोअरिंग याने बैठक घेऊन नुकसानभरपाई कुणी द्यायची ते ठरवलं: ज्यूंनी! त्यांच्यावर एक अब्ज मार्कांचा सामुदायिक दंड बसला आणि त्यांच्या विम्याचे पैसेही सरकारने स्वतःकडे वळवले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त राजपत्रात छापलेल्या. देश सोडून जाणाऱ्यावर २५ टक्के कर होता. गंमत म्हणजे हा कर नाझींनी लावलेला नव्हता. १९३१ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्याआधी, भांडवल देशाबाहेर पळू नये म्हणून तो आला होता. नाझींनी मर्यादा खाली आणली आणि जुनंच हत्यार नव्या कामाला लावलं. जाणाऱ्याच्या खिशात शेवटी दहा मार्क रोख उरत.

मग आला २५ नोव्हेंबर १९४१ चा अकरावा वटहुकूम. ज्या ज्यूचं वास्तव्य देशाबाहेर आहे, त्याचं जर्मन नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. वरवर पाहता हा नियम पळून गेलेल्यांसाठी होता. प्रत्यक्षात ज्यांना गाडीत कोंबून पूर्वेकडे पाठवलं जात होतं, त्यांनाही तो लागू होत होता. गाडीने सीमा ओलांडली की प्रवासी परदेशस्थ झाला आणि त्याचं घर आपोआप सरकारचं झालं. हद्दपारीची सक्ती सरकारची, आणि देश सोडल्याचा ठपका मात्र हद्दपार होणाऱ्यावर.

बर्लिनमध्ये गाडीत बसवण्याआधी प्रत्येकाकडून १६ पानांचं विवरणपत्र भरून घेत. ते नुसतं चाळलं तरी अंगावर काटा येतो. बँकखाती, रोखे आणि घरभाडं यांच्यापाठोपाठ खोल्यांमधलं सामान येतं: खाटा किती, उशा किती, पातेली किती, टॉवेल, सदरे, हातमोजे. पुढे बेलिफ येऊन जप्तीचा कागद हातात देई. मागे राहिलेल्या घराला सील लागे. या फायली आज पॉट्सडॅमच्या अभिलेखागारात आहेत, सुमारे ४०,०००. पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ते त्या फायलींना नंतर जोडले गेलेले कागद. सील लावलेल्या घराचं भाडं बुडालं, ते कोण देणार, म्हणून घरमालक करखात्याला लिहितो. गॅस आणि विजेच्या कंपन्या शेवटच्या मीटरवाचनाचं बिल पाठवतात. माणूस कुठे गेला हे कुणी विचारत नाही. सगळ्यांची चौकशी आपल्या थकलेल्या पैशांबद्दलच आहे. करखातंही चोखपणे ती बिलं मयताच्या पैशांतून भागवून टाकतं.

हॅम्बुर्ग बंदरात तर उघड बाजार भरला होता. नेदरलँड्समधल्या ज्यूंच्या रिकाम्या केलेल्या घरांतलं सामान जहाजांनी तिथे येई आणि लिलावात निघे. १९४१ ते १९४५ या काळात हॅम्बुर्ग आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी ज्यूंचं सामान विकत घेतलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. एक लाख! त्यांतले फार थोडे पक्षाचे कट्टर कार्यकर्ते असतील. बाकीच्यांना स्वस्तात कपाट हवं होतं. बॉम्बहल्ल्यात ज्यांचं घर गेलं अशीही माणसं त्यात होती, हे मान्य. पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला माणसाला विचारसरणी लागत नाही, हेही त्यातून दिसतं. आणि इथेच पुढच्या सगळ्या टाळाटाळीचं मूळ आहे. खून करणारे त्या मानाने कमी होते, त्यांतल्या काहींना न्युरेंबर्गच्या खटल्यांत उभं करता आलं. लुटीचे लाभार्थी लाखांत होते. ते मतदार होते.

याच अकराव्या वटहुकमाचा एक धागा थेट आपल्या पुरंदरपर्यंत येतो. १९३३ नंतर जर्मनी-ऑस्ट्रियातून पळालेले काही ज्यू मुंबईत आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू मदत संघटना सुरू झाली. त्यांच्यात डॉक्टर होते, संगीतकार होते; आकाशवाणीची जी धून ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या सकाळी उठल्या, ती बांधणारा वॉल्टर कॉफमन त्यांच्यातलाच. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांनी जर्मन पासपोर्टवाल्या सगळ्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून धरलं, अहमदनगरच्या छावणीत टाकलं. बऱ्याच ज्यूंना चौकशीनंतर सोडलं, काही पुढे पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत राहिले. म्हणजे १९४१ च्या नोव्हेंबरनंतर पुरंदरच्या माचीवरचा ज्यू ब्रिटिशांच्या लेखी जर्मन होता म्हणून अडकलेला, आणि जर्मनीच्या लेखी तो जर्मन उरलेलाच नव्हता म्हणून त्याचं तिथलं घरदार सरकारजमा. दोन्ही सरकारांकडे आपापला नियम होता आणि दोन्ही नियम त्याच्याच मुळावर आले.

युद्ध संपल्यावर या सगळ्याचं काय करायचं, याचं सर्वांत सरळ उत्तर जर्मनांनी नाही, अमेरिकी लष्करी प्रशासनाने दिलं. १० नोव्हेंबर १९४७ चा त्यांचा कायदा क्रमांक ५९ आजही अभ्यासण्यासारखा आहे. ३० जानेवारी १९३३ नंतर ज्यू माणसाने काहीही विकलं असेल तर ते दबावाखालीच विकलं असं गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर. रास्त किंमत दिली होती आणि ती विकणाऱ्याच्या हातात खरोखर पडली होती, हे त्याने दाखवायचं. व्यवहार ज्यूंना दुय्यम ठरवणाऱ्या सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनंतरचा असेल तर आणखी एक पायरी: नाझी राजवट नसती तरीही हा व्यवहार झाला असता, हे दाखवा. आणि जिथे वारस उरलाच नाही, तिथे मालमत्ता सरकारच्या घशात जाणार नाही. वाचलेल्यांसाठी काम करणाऱ्या ज्यू संस्थेकडे जाईल. कुळाचंच कुळ मारून टाकलं म्हणून मारणाऱ्या राज्याला बेवारस मालमत्ता मिळावी, हा जगातल्या बहुतेक वारसा कायद्यांचा स्वाभाविक निकाल झाला असता. तो इथे अडवला.

यावर काय ओरड झाली! ‘आम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजले’ म्हणणाऱ्या खरेदीदारांनी पश्चिम जर्मनीत संघटना काढल्या, अन्याय झाल्याची निवेदनं दिली. युद्धानंतर पाच-सहा वर्षांच्या आत लुटीचा माल घेणारा स्वतःला बळी म्हणवू लागला होता.

पश्चिम जर्मनीने स्वतः केलेल्या नुकसानभरपाईच्या कायद्यांकडे वळलं की चित्र बरंच धूसर होतं. छावणीत काढलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे १५० मार्क. म्हणजे दिवसाला पाच. प्रकृतीच्या नुकसानीची पेन्शन हवी असेल तर कमावण्याची क्षमता किमान २५ टक्के घटली आहे, आणि ती छळामुळेच घटली आहे, हे डॉक्टरी तपासणीत ठरायला हवं. ज्याचे आईवडील, बायको, मुलं मारली गेली, त्याला रात्री झोप येत नाही हे त्याच्या मूळ प्रकृतीमुळे, असे शेरे मारणारे डॉक्टर निघाले. इथे पुराव्याचा भार पुन्हा बळीच्या डोक्यावर आला होता.

आता दुसरी फाईल बघा. रोलांड फ्राइसलर हा नाझींच्या लोकन्यायालयाचा, म्हणजे राजकीय खटल्यांच्या खास कोर्टाचा, अध्यक्ष. जानेवारी १९४२ च्या वानझे बैठकीत, जिथे ज्यूंच्या संहाराची प्रशासकीय घडी बसवली, तिथे तो न्यायखात्यातर्फे हजर होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात तो मेला. त्याच्या विधवेला युद्धबळीची पत्नी म्हणून निवृत्तिवेतन होतंच. १९७४ मध्ये त्यात वाढ झाली. कारण काय? फ्राइसलर जगला असता तर युद्धानंतर वकील किंवा वरिष्ठ अधिकारी म्हणून चांगलं कमावत असता, असं संबंधित कार्यालयाने धरलं. हे १९८५ मध्ये उघड झालं तेव्हा गदारोळ झाला. पण त्या कार्यालयाचा अंदाज चुकला होता असं मी म्हणणार नाही. नाझी काळातले कितीतरी न्यायाधीश खरंच पुन्हा खुर्चीवर बसले होते.

आणि हे पन्नास-साठच्या दशकातलं जुनं दुखणं, असं समजू नका. घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांत, काम केलेल्यांना पेन्शन देणारा कायदा जर्मन संसदेने २००२ मध्ये एकमताने केला. अट अशी की काम स्वेच्छेने केलेलं असावं आणि त्याचा मोबदला मिळालेला असावा. सुमारे ७०,००० अर्ज आले. सुरुवातीच्या वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक फेटाळले गेले. ऐंशी वर्षांच्या माणसाला विचारलं जात होतं की पोलंडमधल्या लॉड्झच्या घेट्टोत तुम्ही शिवणकाम करत होता ते मर्जीने की सक्तीने? सक्तीने म्हटलं तर या कायद्यात बसत नाही. मर्जीने म्हटलं तर स्वतःच्या आयुष्याशी खोटं बोलायचं. आणि ताटलीभर सूप हा मोबदला धरायचा की नाही, यावर फायली फिरत होत्या. २००९ मध्ये सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हा अर्थ मोडीत काढला. तोवर किती अर्जदार गेले असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. संसदेची नियत चांगली होती यात मला शंका नाही. म्हणूनच तर मी हेतूवर नाही, निवाड्यांवर बोट ठेवतो आहे.

या सगळ्या मांडणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही: रक्ताची किंमत पैशात करताच कशाला? जानेवारी १९५२ मध्ये जेरुसलेमला इस्रायलच्या संसदेबाहेर दगडफेक झाली ती याच प्रश्नावरून. विरोधी नेते मेनाखेम बेगिन म्हणत होते की जर्मनीकडून पैसे घेणं म्हणजे मेलेल्यांचा सौदा. ६१ विरुद्ध ५० अशा निसटत्या मतांनी बोलणी करायला मंजुरी मिळाली. त्या ५० जणांबद्दल मला आदर आहे. पण पंतप्रधान बेन गुरियन यांच्या बाजूचा युक्तिवाद मला जास्त पटतो: खून केला आणि वर वारसही झाला, असं खुन्याला होऊ द्यायचं नाही. भरपाई ही क्षमा नव्हे, पावतीही नव्हे. लुटलेलं परत मागायला क्षमेचा प्रश्न मध्ये आणायची गरजच नसते. सप्टेंबर १९५२ मध्ये लक्झेंबर्गला करार झाला: इस्रायलला तीन अब्ज मार्क, बहुतांशी मालाच्या रूपात, आणि ज्यू संघटनांना ४५ कोटी. मार्च १९५३ मध्ये तो बॉनला पश्चिम जर्मनीच्या संसदेत आला तेव्हा २३९ मतं बाजूने पडली, ३५ विरोधात, ८६ जण तटस्थ. चान्सलर आडेनॉअर यांच्या स्वतःच्या आघाडीतले अनेक जण मागे हटले. विरोधी पक्षातल्या सोशल डेमोक्रॅट्सनी करार तारला. ऑशविट्झ बंद होऊन आठ वर्षं झाली होती, आणि तटस्थ राहण्यासारखं त्यात काय होतं, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरा आक्षेप आजच्या पिढीचा. आजोबांनी लिलावात घेतलेल्या कपाटाबद्दल नातवाने का खजील व्हावं? दोष वारशाने येत नाही, कबूल. पण घर वारशाने येतं, चित्रं येतात, कंपनीचे शेअर येतात. लाभ तिसऱ्या पिढीपर्यंत चालतो आणि जबाबदारी मात्र पहिल्याच पिढीत संपते, हे गणित कुठल्या वहीत बसतं? आणि या वादात व्यक्तींपेक्षा संस्था जास्त आहेत. संस्था मरत नाहीत. रेल्वे तीच असते, बँक तीच, महानगरपालिका तीच.

अ‍ॅमस्टरडॅमचंच घ्या, कारण नेदरलँड्सला आपण भल्या माणसांचा देश समजतो. तिथून सुमारे १,०७,००० ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं गेलं. जेमतेम पाच हजार परतले. गाड्या डच रेल्वेच्या होत्या आणि रेल्वेने त्याचे पैसे जर्मनांकडून घेतले होते. परतलेल्यांना घरात दुसरेच लोक राहताना दिसले, ते ठीक, युद्धात होतं. पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये बरीचशी जमीन पालिकेच्या मालकीची, घरमालक तिचं भुईभाडं भरतो. छावणीतून जिवंत आलेल्या काही ज्यूंना पालिकेने मधल्या वर्षांच्या भुईभाड्याची थकबाकी मागितली. आणि मुदतीत भरली नाही म्हणून वर दंड! थकबाकीदार त्या मुदतीत ऑशविट्झमध्ये होता, हे पालिकेला ठाऊक होतं. नियमात त्यासाठी रकाना नव्हता, एवढंच. पालिकेच्या अभिलेखागारात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला ही पत्रं सापडली आणि प्रकरण वर आलं. २०१६ मध्ये पालिकेने ज्यू समाजासाठी एक कोटी युरो द्यायचं ठरवलं. रेल्वेने वैयक्तिक भरपाईची योजना आखली ती २०१९ मध्ये, तीही आईवडील गमावलेल्या एका चिवट म्हाताऱ्याने, सालो म्युलर यांनी, वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला म्हणून. स्विस बँकांची कथा याच जातीची. ऑशविट्झमध्ये मेलेल्या खातेदाराच्या मुलांकडे त्या मृत्यूचा दाखला मागत होत्या. १९९८ मध्ये १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली, ती अमेरिकेतल्या दाव्यांच्या दडपणाखाली. आपणहून उठून कुणी काही दिल्याची उदाहरणं शोधावी लागतात.

स्मारकांना माझा विरोध नाही. बर्लिनच्या मध्यभागी २,७११ काँक्रीटचे ठोकळे आहेत, ते असावेतच. पण ते बांधताना २००३ मध्ये काय झालं ते पाहा: ठोकळ्यांवर कुणी रंग फासू नये म्हणून जो लेप देत होते, तो देगुसा कंपनीचा निघाला, आणि हिच्याच उपकंपनीने छावण्यांना झिक्लॉन-बी हा विषारी वायू पुरवला होता. काम थांबलं, वाद झाला, मग त्याच कंपनीच्या लेपाने काम पूर्ण झालं. मला यात ढोंग दिसत नाही. दुसरी कंपनी शोधली असती तरी त्या काळातल्या जर्मन उद्योगात निष्कलंक हात किती सापडले असते?

पोलंडबद्दल बोलताना मात्र जपून बोलायला हवं. त्या देशाचे सुमारे साठ लाख नागरिक मारले गेले, त्यांतले निम्मे ज्यू नव्हते. राजधानी जमीनदोस्त झाली. ज्यू शेजाऱ्याच्या रिकाम्या घरात शिरलेला पोलिश मजूर आणि हॅम्बुर्गमध्ये बोली लावणारा गृहस्थ यांना मी एका पारड्यात टाकणार नाही. पण ४ जुलै १९४६ ला, युद्ध संपल्यावर वर्षभराने, किएल्त्से शहरात परतलेल्या ज्यूंवर जमावाने आणि गणवेशातल्या लोकांनी मिळून हल्ला केला आणि ४२ ज्यू मारले. एका मुलाला ज्यूंनी डांबून ठेवल्याची खोटी अफवा हे निमित्त. त्यानंतर काही महिन्यांत हजारोंच्या संख्येने ज्यू पोलंड सोडून गेले, आणि गंमत अशी की सुरक्षित म्हणून जर्मनीतल्याच निर्वासित छावण्यांत गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या जागा, गिरण्या, इमारती साम्यवादी सरकारने राष्ट्रीयीकरणात घेतल्या. पोलंडने खासगी मालमत्ता परत करण्याचा सर्वंकष कायदा आजपर्यंत केलेला नाही.

उलट ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुदा यांनी सही केली ती कायद्यातल्या एका दुरुस्तीवर: तीस वर्षांपेक्षा जुन्या प्रशासकीय निर्णयाला यापुढे आव्हान देता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, ज्यूंविरुद्ध नाही, असं सरकारचं म्हणणं. कागदोपत्री ते बरोबर आहे, कारण जुने पोलिश जमीनमालकही त्यात भरडले गेले. घोटाळ्यांना आळा घालायचा होता, हेही खोटं नसेल. पण हिशेब मांडून बघा. बळकावण्याचे निर्णय चाळीस आणि पन्नासच्या दशकांतले. १९८९ पर्यंत साम्यवादी राजवटीत दाद मागायची सोयच नव्हती. दरवाजा उघडला तेव्हापासून तीस वर्षं मोजली तरी २०१९ उजाडतं. म्हणजे मुदत आधी संपली आणि मुदत होती हे दोन वर्षांनी सांगितलं. जगभरात हयात असलेल्या वाचलेल्या ज्यूंची संख्या २०२४ च्या सुरुवातीला सुमारे २,४५,००० होती आणि त्यांतल्या निम्म्यांनी वयाची ८६ ओलांडली होती. नवा अर्ज करा म्हणून त्यांना सांगायला आता पोलंडच्या कार्यालयात खिडकीच राहिलेली नाही.